नितीनने, नितीनोम, बाय नितीन

आमच्या शेजारचे महाजन सर भिंतीवरच्या पाट्यांशी भांडतात. तोंडाने नाही, खडूने. नळाच्या टाकीवर "पानी की सप्लाई बंद की गई है" असं रंगवलं की दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक, सुरेख अक्षरात ओळ उमटते : "किसके द्वारा?" कर्ता नसलेलं वाक्य त्यांना सहन होत नाही. एखाद्याला चपलेतला खडा सहन होत नाही, तसं. इंग्रजीत कोणी असं वाक्य बोललं तर ते तर्जनी वर करून विचारतात, "बाय हूम?" कोणाकडून? बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लालबागच्या गल्लीत त्यांचं नावच "बाय हूम सर" पडलं आहे.

पोरांनो, तुम्ही दोघं इतक्या लांब राहता, की शेजारी कोण आहे हे तुम्हाला माझ्याकडूनच कळणार. म्हणून क्रमाने लिहिते.

पहिला प्रसंग वीजवाल्याचा. खांबावर चढलेल्या माणसाला सरांनी खालून विचारलं, "लाईट का गेली?"

"काटी गयी है, सरजी."

"बाय हूम?"

"ऊपर से."

"वर तर तूच आहेस!"

तो माणूस हसून हसून खांबावरून घसरायचाच.

दुसरा लग्नाच्या पत्रिकेचा. "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे," असं छापलेलं होतं. सरांनी पत्रिका परत पाठवली : प्रार्थना कोण करत आहे ते लिहून पुन्हा धाडावी. यजमानांनी पुन्हा धाडली नाही. सर लग्नाला गेले नाहीत आणि मावा जिलेबी हुकली म्हणून आठवडाभर माझ्याजवळ कुरकुरले.

तिसरा माझ्याच घरातला. चहा पिताना कप पडला. मी म्हटलं, "असू दे सर, फुटला."

"कप फुटत नाही, वहिनी. कप फोडला जातो. बाय हूम?"

"तुमच्या कोपराकडून."

तेव्हापासून त्यांना मी स्टीलच्या पेल्यात चहा देते.

सर जळगावकडचे. कागदाच्या गिरणीच्या वसाहतीतल्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बुऱ्हाणपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. पत्नी आधीच गेलेली. एकुलता मुलगा नितीन डॉक्टरकी शिकायला रशियात गेला, तो व्होल्गा नदीकाठच्या एका गावी तिथलाच झाला. लेना नावाच्या नर्सशी त्याने लग्न केलं. त्यांना आन्या नावाची मुलगी आहे. लेनाला इंग्रजी येत नव्हतं, सरांना रशियन येत नव्हतं. फोनवर नितीन मध्ये बसायचा आणि इकडचं तिकडे करायचा. सर म्हणत, "माझी सून माझ्याशी कर्मणी प्रयोगात बोलते. बोलणं तिचं, क्रिया नितीनकडून."

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तो मधला माणूस गेला. ड्यूटी संपवून पायी घरी येताना एका गाडीने उडवलं. सरांकडे पासपोर्ट नव्हता. मुलाची माती त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिली. बर्फ इतकं होतं, की खड्डा कुठे आहे ते शेवटपर्यंत नीट दिसलं नाही.

महिन्याने तिकडून एक इंग्रजी पत्र आलं. मोजून तीन वाक्यं. सरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलीने दाखवत गेले. "ही वॉज हिट बाय अ व्हेइकल. द व्हेइकल हॅज नॉट बीन आयडेंटिफाइड. द फॅमिली हॅज बीन इन्फॉर्म्ड. तिन्ही पॅसिव्ह, वहिनी. तिन्हींत मिळून 'बाय' एकदाच आलाय, आणि तो गाडीला लावलाय."

मी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली.

"गाडी कर्ता नसते," ते म्हणाले. "गाडी साधन असते. चौथीच्या पोरालाही हे समजतं."

गाडीत कोण होतं ते आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर लेना दर रविवारी फोन करी. ती म्हणे, "पापा." हे म्हणत, "लेना." मग दोघं एकमेकांकडे बघत बसत. आन्या येऊन हात हलवी आणि जाई. तीन मिनिटांत फोन बंद. असे चार-पाच रविवार गेल्यावर सर माझ्याकडे आले. "वहिनी, हा दोरा तुटणार. मला काहीच येत नाही, फक्त इंग्रजी शिकवता येतं. तेच शिकवतो."

असा दुपारी चारचा वर्ग सुरू झाला. त्यांच्या मागे पॉवरलूमचा कारखाना आहे. त्याच्या खटखटाटावर मात करायला सर इतक्या मोठ्याने शिकवत, की अर्ध्या गल्लीचं इंग्रजी सुधारलं. लेनाला आधी चालू काळ, भूतकाळ वगैरे शिकवून झालं आणि मग सर आपल्या लाडक्या धड्यावर आले : पॅसिव्ह व्हॉइस. उदाहरणं सगळी बुऱ्हाणपूरची. केळी कापली जातात. केळी ट्रकमध्ये भरली जातात. केळ्यांचा लिलाव केला जातो. मजुरांकडून, हमालांकडून, अडत्याकडून. गोठलेल्या व्होल्गाकाठी बसून ती बिचारी केळीच्या घडाला, पानाला, खांबाला काय म्हणतात ते पाठ करी. एकदा तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पापा, इंग्लिश लोक दुसरं काही बोलत नाहीत का?"

तिची एक खोड सरांना छळायची. रशियन माणसाला कर्ता सांगायचा नसला की तो म्हणे नुसतं क्रियापद अनेकवचनात टाकतो. लेना इंग्रजीतही तेच करी. दे टोल्ड मी. दे टुक हिम. दे क्लोज्ड द रोड.

"दे म्हणजे कोण?" सर ओरडायचे.

"दे," लेना खांदे उडवून म्हणायची. "ऑलवेज दे, पापा."

शिकवण्यासाठी म्हणून सरांनी एकाहत्तराव्या वर्षी रशियन अक्षरं गिरवली. मग एका सकाळी माझ्या दारात उभे, हातात वही, चष्मा कपाळावर. "वहिनी, सापडलं! त्यांच्यातही विभक्ती आहे. तृतीया आहे! आपण 'नितीनने' म्हणतो ना, ते 'नितीनोम' म्हणतात. आपला 'ने' तो त्यांचा 'ओम', आणि तोच इंग्रजांचा 'बाय'. नितीनने, नितीनोम, बाय नितीन. एक सूत्र, तीन भाषा!"

त्यांनी ते सूत्र मोठ्या अक्षरात लिहून फोनमागच्या भिंतीवर लावलं. लेनाकडून रोज घोकून घ्यायचे. नितीनने पत्र लिहिलं. नितीनोम. बाय नितीन. नितीनने दार उघडलं. नितीनोम. बाय नितीन. पलीकडच्या आजीबाईंनी मला हळूच विचारलं, "मास्तर कोणता जप करून राहिले ओ? नितीन ओम, नितीन ओम करतात." मी म्हटलं, व्याकरण आहे. त्या म्हणाल्या, "असंन बापा."

आठ महिने झाले, पॅसिव्ह व्हॉइस संपेना. मी मिशनच्या शाळेत शिकले. आमच्या सिस्टरने हा धडा तीन आठवड्यांत उरकला होता. मी तसं म्हटलं तर सर म्हणाले, "तुमच्या सिस्टरला घाई असेल."

घाई लेनाला होती. नितीन जिथे पडला तो रस्ता तिच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा. रोज दोनदा तिला तिथून चालत जावं लागे. तिने दुसऱ्या देशात नर्सच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. इंग्रजीत मुलाखत पास झाली की तिला आणि आन्याला तिथून निघता येणार होतं. गेल्या पावसाळ्यात मुलाखत झाली आणि ती नापास झाली.

तिने झालं तसं सांगितलं. मीही त्या दिवशी सरांकडे बसले होते. औषधं, जखमा, रक्तदाब, सगळी उत्तरं बरोबर आली. एका वाक्यात केळी ट्रकमध्ये भरली गेली, पण तेवढं त्यांनी हसून सोडून दिलं. मग समोरच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला : तुमचं लग्न झालं आहे का?

"आय ॲम मॅरिड बाय नितीन," लेना म्हणाली.

तुमचे पतीही सोबत येणार का? कागदपत्रांत तर वेगळंच लिहिलंय, असं त्या म्हणाल्या. लेनाला रडू आलं आणि तिला आलेलं सगळं इंग्रजी गेलं. महिन्याने आणखी एक संधी देतो, ती शेवटची, असं तिला सांगण्यात आलं.

या वेळी सरांनी बोट वर केलं नाही. "धीर धर," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

ते चहा टाकायला आत गेले तेव्हा टेबलावर त्यांची वही उघडी होती. लेना फोटो काढून गृहपाठ पाठवी, सर तो वहीत उतरवून तपासत. "स्वतःविषयी दहा वाक्ये." सातवं वाक्य होतं, "आय वॉज मॅरिड बाय नितीन." तिचं बिचारीचं काय चुकलं? लग्न या शब्दानंतरही त्यांच्यात "नितीनोम" येतं. सरांच्या सूत्राने नितीनोम म्हणजे बाय नितीन. इंग्रजीत तिथे "टू" लागतो. "बाय" म्हटलं तर लग्न लावून देणारा भटजी नितीन ठरतो. पण सरांनी "बाय"ला हातही लावला नव्हता. "वॉज" हा शब्द लाल शाईने खोडून वर लिहिलं होतं : "ॲम."

मी मागची पानं उलटली. तेच वाक्य अकरा वेळा होतं. अकराही वेळा लेनाने "होते" लिहिलं होतं आणि अकराही वेळा सरांनी ते "आहे" केलं होतं. कर्ता गाळला म्हणून लग्नाची पत्रिका परत धाडणारा माणूस.

सर चहा घेऊन आले. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. "सर, चूक 'बाय' आहे. 'वॉज' बरोबर आहे."

"मिशनच्या शाळेत शिकलात म्हणून मला व्याकरण सांगणार?"

"हे व्याकरण नाही. तुम्ही पोरीला चुकीचं शिकवलंत."

पेला त्यांनी इतका हळू टेबलावर ठेवला, की आवाज झाला नाही. "वहिनी, तुम्ही घरी जा."

मी गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजले, भिंतीपलीकडे लूम चालू होते, सर नव्हते. तिसऱ्या दिवशीही तसंच. माझ्या फोनवर लेनाचा निरोप आला : पापा आजारी आहेत का? मी त्यांच्या दाराशी गेले, कडी वाजवली. आतून उत्तर आलं, "शिकवतोय म्हणून सांगा." कोणाला, ते मी विचारलं नाही. खिडकीतून दिसत होतं. भिंतीकडे तोंड करून ते एकटेच बसले होते.

दुसऱ्या मुलाखतीचं आधीच सांगून टाकते. लेना पास झाली. या उन्हाळ्यात ती आणि आन्या तिकडून निघाल्या. पण मला लिहायचंय ते मुलाखतीच्या आदल्या गुरुवारचं.

त्या दिवशी पावणेचारला सर स्वतः मला बोलवायला आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. "वहिनी, बसाल का? उच्चाराला तुम्ही हव्यात."

फोन लागला. पडद्यावर लेना, तिच्या खांद्याशी आन्याची एक वेणी. सर म्हणाले, "लेना, टुडे वी हॅव अ न्यू वर्ड." एवढं म्हणून थांबले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. ते पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, "न्यू वर्ड." लूमचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं आपणच म्हणावं, पण तो माझ्या वर्गातला शब्द नव्हता.

लेनाने आन्याला काहीतरी सांगून आतल्या खोलीत पाठवलं. दार लावलं. परत येऊन बसली.

"पापा," ती म्हणाली, "आय नो धिस वर्ड. इन रशियन, वदोवा. इन इंग्लिश, विडो. ऑलमोस्ट सेम."

सर तिच्याकडे बघत राहिले. "आमच्यात विधवा," ते मराठीतच म्हणाले. तिला ते कळलं. कळण्यासारखंच होतं.

मग ती ताठ बसली आणि मुलाखतीत बोलतात तसं म्हणाली, "आय वॉज मॅरिड टू नितीन. आय ॲम विडो."

चौतीस वर्षांची सवय. सरांचा हात आपोआप वर गेला. "आर्टिकल, लेना. ए विडो."

"आय ॲम अ विडो."

"करेक्ट," सर म्हणाले.

नवा शब्द पाच वेळा म्हणवून घ्यायची त्यांची पद्धत आहे. केळीच्या घडालाही त्यांनी ती माफी दिली नव्हती. लेनाही थांबली होती, पुढच्या चार वेळांसाठी. सर म्हणाले, "बास. जा, आन्याला जेवायला दे," आणि फोन बंद केला.

उरलेल्या चार वेळा मग ते स्वतःच म्हणाले. सावकाश, एकेक उच्चार नीट करत, माझ्याकडे न बघता. तिसऱ्या वेळी आवाज फुटला, तेव्हा त्यांनी ती वेळ धरली नाही आणि पुन्हा म्हटलं.