देवाने तोंड फिरवण्याची सोय

मुलांच्या निकोप वाढीसाठी दूध, झोप आणि धाक या तीन गोष्टी अत्यावश्यक आहेत. (पहिल्या दोहोंबाबत जाणकारांत मतभेद आहेत.) पूर्वी धाकाचं खातं वडिलांकडे असे. पण वडील दिवसभर कामावर आणि संध्याकाळी फोनवर असल्यामुळे बहुतेक घरांत ते देवाकडे वर्ग करण्यात आलं आहे. ही व्यवस्था उत्तमच म्हटली पाहिजे. देव रजा घेत नाही, पगारवाढ मागत नाही आणि मूल बिघडलं तर उलटून आपल्याला बोल लावत नाही.

आमच्या घरी या खात्याचा कारभार माझी बहीण बघते. भावाची मुलगी चिमणी, वय वर्षं सहा, हिने डब्यातली बिस्किटं न विचारता घेतली, तेव्हा आत्या या नात्याने बहिणीने तिला समोर उभं करून सांगितलं, "देव सगळीकडे असतो. सगळं बघत असतो."

चिमणी चौकस आहे. तिने विचारलं, "संडासातपण?"

"तिथेपण," आत्या म्हणाली. (धार्मिक बाबतीत ती कुणाला सूट देत नाही.)

परिणाम ताबडतोब दिसून आले. बिस्किटांच्या चोरीत शंभर टक्के घट झाली. चिमणी फ्रॉक घालूनच आंघोळ करू लागली. संडासात जाणं तर तिने जवळपास सोडलंच. शिस्त सुधारल्याबद्दल आम्ही आत्याचं कौतुक करत होतो, तोवर पोरगी तापाने फणफणली. पोटाला हात लावू देईना.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "शू का गं अडवून धरतेस?"

"तो बघतो ना," असं म्हणून चिमणीने वर बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे पंख्याकडे पाहू लागलो.

"औषध देते," त्या म्हणाल्या, "पण हिची भीती आधी काढा. नाहीतर मूत्रपिंडावर जाईल."

घरी तातडीची बैठक बसली. देव बघत नाही असं सांगून टाकावं, ही भावाची सूचना फेटाळण्यात आली, कारण मग बिस्किटांचं काय? पडदा लावावा असं मी सुचवलं. त्यावर चिमणीच अंथरुणातून म्हणाली, "काका, पडद्याच्या आतपण असतो तो." मुद्दा बिनतोड होता. बैठक रंगात आली होती, पण वहिनी मधूनच उठली, चिमणीला कडेवर घेऊन संडासाच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "हे बघ राणी, देवाला रीतभात असते. आतून कडी लावली की तो तोंड फिरवतो."

"नक्की?"

"मी सांगते ना."

कडी लागली. आम्ही सगळे बाहेर श्वास रोखून उभे राहिलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला, तसे आत्याचे हात आपोआप जोडले गेले. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, आम्ही फार घाबरलो होतो. इतकी मनापासून भक्ती आमच्या घरात त्याआधी झाली नव्हती.

ताप उतरला. पोरगी खेळायला लागली. बिस्किटांची चोरीही पूर्वपदावर आली, फक्त स्थळ बदललं. संडासातल्या बादलीमागे डबा सापडला, बादलीखाली चाचणीचा फाडलेला पेपर.

आत्या दारावर थापा मारत ओरडली, "अगं, देवाला फसवतेस?"

आतून तोंडात बिस्कीट असलेला आवाज आला, "फसवत नाही. कडी लावते. तू नाही का लावत कपाटाला? आणि बाबा गॅलरीला, फोन आला की?"

आत्याच्या थापा थांबल्या. भावाला अचानक महत्त्वाचं काम आठवलं. वहिनी मात्र त्याच्याकडे बघत राहिली.

मी नंतर घराची पाहणी केली. आत्याचं कपाट, भावाची गॅलरी, वहिनीने साखरेच्या डब्यात लपवलेली किल्ली आणि माझा फोन. (त्याला कडी नसते, अंगठा लागतो.) एकंदरीत आमच्याकडे देवाला समोर तोंड करून उभं राहायची संधी क्वचितच मिळते. तब्येती मात्र सगळ्यांच्या ठणठणीत आहेत.

तुम्ही हसलात, आनंद आहे. हे वाचता वाचता तुम्हाला तुमच्या घरातलं कुठलं दार आठवलं, ते मी विचारणार नाही. सावकाश आठवा. मी तोंड फिरवून उभा आहे.