आगीची पाहणी

कुरुंदपूरच्या अग्निशमन विभागात माणसं कमी पडत असल्यामुळे इमारतींची पाहणी गेल्या वर्षापासून आग स्वतःच करते. ‘नवरंग’ सोसायटीत ती मंगळवारी सकाळी साडेदहाला आली. नोटिशीत तीच वेळ दिली होती.

सेक्रेटरी दामोदर केकरे फाटकाशी उभे होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. आग कमरेइतकी उंच होती आणि गळ्यात पत्र्याचं ओळखपत्र होतं. दोन पावलं मागून लिपिक तांदळे चालत होते. कागद त्यांच्याकडे असत, तिच्या हाती देत नसत.

“या मॅडम,” केकरे म्हणाले.

“आधी मीटरची खोली दाखवा,” आग म्हणाली.

मीटरच्या खोलीत तीन वर्षांची रद्दी, गोणपाटं आणि गणपतीच्या मांडवाचं कापड कोंबलेलं होतं. आग दाराशीच थबकली.

“वा!” ती हळूच म्हणाली. “लिहा तांदळे. फार छान.”

केकऱ्यांना बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि बरं वाटेनासं झालं.

जिन्यात सायकली, चपलांची कपाटं आणि कुणाचाच नसलेला एक सोफा होता. अग्निशामक नळकांड्याची मुदत चार वर्षांपूर्वी संपली होती आणि त्यावर छत्री टांगलेली होती. गच्चीला कुलूप होतं, किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष मुलीकडे सोलापूरला. आग प्रत्येक ठिकाणी “छान” म्हणत गेली. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ती खांद्याएवढी झाली होती.

तिथे केकऱ्यांचंच घर होतं. त्यांच्या पत्नी सिंधूताई काठी टेकत दारात आल्या. गुडघे गेल्यापासून त्या दसरा आणि दवाखाना एवढ्यासाठीच खाली उतरत.

“बसा ना,” त्या म्हणाल्या.

“मला बसता येत नाही हो. जिथे बसते तिथे वाढते,” आग म्हणाली. “तुम्हाला खाली उतरायला किती वेळ लागतो?”

“कोण मोजतंय!”

“मोजावं लागतं. नियम आहे.”

सिंधूताई उतरू लागल्या. तांदळ्यांनी घड्याळ लावलं. सोफ्यापाशी त्यांना अंग तिरकं करून सरकावं लागलं, सायकलीत पदर अडकला. आग एक पायरी मागे राहून, पदराला धक्का न लावता, सोबत उतरत होती. फाटकाशी पोहोचल्यावर तांदळे म्हणाले, “अकरा मिनिटं.”

“मला वर पोहोचायला चार लागतात,” आग म्हणाली. आवाजात बढाई नव्हती. “पंधरा दिवसांनी परत येईन.”

त्या संध्याकाळी सभा भरली. तांदळ्यांनी लिहून दिलेला अहवाल केकऱ्यांनी वाचून दाखवला. रद्दी कुणाची यावर पाऊण तास गेला, सोफ्यावर अर्धा. शेवटी केकरे तळमजल्यावरच्या दिनकर उबाळ्यांना म्हणाले, “उबाळे, तुमचं घर मला द्या, माझं तुम्ही घ्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागतोय.”

“आणि माझी स्कूटर? तिसऱ्या मजल्यावरून लक्ष कसं ठेवू?”

मग उबाळ्यांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

“वहिनींना अकरा मिनिटं लागली म्हणता?”

“अकरा.”

“मग रविवारी सामान हलवू. माझा मेहुणा टेम्पो देईल.”

पंधरा दिवसांनी आग आली ती साडेदहालाच. मीटरची खोली झाडून पुसून रिकामी होती. आग मधोमध जाऊन उभी राहिली.

“इथे काहीच नाही,” ती म्हणाली.

जिना मोकळा होता. नवी नळकांडी टांगली होती, गच्ची उघडी होती, अंगणात पाण्याची लांब नळी गुंडाळून ठेवली होती. तळमजल्यावरून फाटकापर्यंत यायला सिंधूताईंना दीड मिनिट लागलं आणि वाटेत त्या उबाळ्यांच्या बायकोशी दोन शब्द बोलल्यासुद्धा. आग आता समईच्या ज्योतीएवढी उरली होती.

“लिहा तांदळे,” ती म्हणाली. “ही इमारत मला गैरसोयीची आहे.”

तांदळ्यांनी शिक्का मारला. केकऱ्यांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला. त्यांना आनंद झाला होता, पण तिच्याकडे बघवतही नव्हतं. सिंधूताई आत जाऊन ताटलीत दोन वाळक्या करवंट्या घेऊन आल्या.

“घ्या. रिकाम्या तोंडी जाऊ नका.”

“कामावर असताना घेत नाही मी.” आग जरा घुटमळली. “बरं, एक.”

करवंटी घेऊन ती रस्ता ओलांडून समोरच्या कापड मार्केटकडे गेली. मार्केटचे मालक जांभळे दारात झेंडूचा हार घेऊन उभे होते. त्यांच्या मागे छतापर्यंत कापडाची ठाणं रचलेली दिसत होती आणि पलीकडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

“या, या मॅडम!” जांभळे म्हणाले. “आमच्याकडे सगळं अगदी तुमच्या मनासारखं आहे.”

आग आत गेली. तांदळे बाहेरच थांबले आणि त्यांनी पॅडवर नवा कागद लावला. केकऱ्यांनी चपला पायात सरकवल्या, अंगणातली नळी उचलली आणि उबाळ्यांना हाक मारली. दोघांनी मिळून ती रस्त्यापलीकडे ओढत नेली.