सुट्या मुन्यायचा पिंजरा

त्या दिवशी गफूरभाऊच्या ओट्यावर कोन कोन होतं, ते आंधी सांगून टाकतो. खुद गफूरभाऊ, पाखरायचा येपारी. बंबईहून आलेला शेठ. आमच्या वरवट बकालचे तुयशीराम पाटील, ते जिथं दोन मानसं दिसन तिथं तिसरे होऊन बसत. मी, भागाबाई, हातात झाडू घेऊन. आन मोठ्या पिंजऱ्यातल्या साऱ्या सुट्या मुन्या. येवढेच होतो. बाकी कोनी 'मीई होतो' म्हनन तं ते लबाड.

आता गफूरभाऊ मंजे कसा मानूस? तं हा मानूस आरसा समोर ठेवून जेवे.

हाव, आरसा. भितीवर खिया होता, त्याले दाढीचा आरसा टांगलेला. त्याच्या समोर पाट टाकायचा, भाकर घ्यायची आन स्वताच्या तोंडाकडे पाहू पाहू खायाची. सारं गाव हासे. पाटील म्हनत, "काऊन बे गफूर, नवरदेव व्हाचं हाय काय?"

गफूरभाऊ म्हने, "येपाराचा सराव करतो पाटील. बंबईवाला भाव बोलला तं आपलं तोंड हललं नाही पायजे. तोंड हललं का सौदा गेला."

"आन जेवताना तोंड हलते ते?"

"म्हनून तं सराव लागते!"

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवाची गोठ. सातपुड्याच्या आंगानं पाखरं धरनारे लोक येत. राघू, मैना आन लाल मुन्या गफूरभाऊले देऊन जात. मुनी मंजे चिमनीहून बारीक पाखरू. नर लालभडक, आंगावर पांढरे ठिपके, आन मादी मातकट. गफूरभाऊ त्यायले बांबूच्या करंड्यात भरे, शेगावले रेल्वेत टाके. तिथून बंबई, बंबईहून आगबोटीनं विलायत. विलायत कुठं हाय हे त्याले माहीत नव्हतं. पन तिथं थंडी कवा पडते, हे पक्कं माहीत होतं. थंडी पडली का तिथल्या बाया घरात बसतात, घरात बसल्या का त्यायले पाखरू लागते, मंग मुनीचा भाव चढते. असा त्याचा हिशेब.

लोक येकमेकाले रामराम करत. गफूरभाऊ सामने दिसला का म्हने, "मुनी चढली!" नाही तं, "मुनी उतरली." त्याच्यावरून गावाले समजे का आज चहा भेटन का नाही.

सांजच्याले ग्रामपंचायतीच्या रेडिओखाली जाऊन बसे. कापसाचा भाव सांगत, जवारीचा सांगत, मिरचीचा सांगत. बातम्या सरल्या का हा उठून रेडिओवर खेकसे, "मुन्याचा काऊन नाही सांगत? ते का या देशात पिकत नाही?" येकडाव तं तिकडचे निये-पिवये बारीक पोपट आगबोटीनं बंबईत उतरले, आन इकडचा राघू कोनी इचारेना. गफूरभाऊनं दोन दिवस दाढी केली नाही. "आपला राघू धा शब्द बोलते, ते पोपट निस्ते रंगीत. पन भागाबहन, जमाना रंगाचा हाय."

लग्नात गेला तरी तेच. नवरदेवाकडे पाहून म्हने, "माल बरा हाय, पन दाना लय खाईन." पाटलाले म्हने म्हातारा राघू. "बोलते लय, गिऱ्हाईक नाही." पाटील चिडत आन दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर हजर.

मी त्याच्या घरी कशी आली? माह्ये मालक तापानं गेले. वावर नव्हतं. निंदाले जाये, कापूस येचाले जाये. पाऊस नसला का तेई नाही. रडाले येळ भेटला नाही, मंग ते राहूनच गेलं. गफूरभाऊनं रस्त्यात थांबवून इचारलं, "पाखरायच्या दान्याचा राया निवडता येते काय?" म्या म्हटलं, येते. "उद्यापासून ये. पाखरायले दाना-पानी, झाडझूड." गावात चार जनी बोलल्या. भाकर माह्या चुलीवर बनत होती, त्यायच्या नाही.

त्याची बायको मी कामाले यायच्या आंधीच गेली होती. लेकरू-बाळ नाही. तिचं नाव त्याच्या तोंडून म्या कधी आयकलं नाही.

येपाराचा येक कायदा होता. मुनी जोडीनं जाये, नर-मादी. वाटेत नाही तं करंड्यात येक मेली, तं दुसरी सुटी. "सुट्याले भाव नाही," गफूरभाऊ म्हने. बाकीचे येपारी असं पाखरू उडवून देत, मांजरीचं साधे. हा मात्र ओट्याजोळच्या मोठ्या पिंजऱ्यात आनून टाके. टाकता टाकता मी यायच्या आंधीच पिंजरा भरला होता. राया खाये तो येगळा.

म्या म्हटलं, "भाऊ, यातलाच नर आन यातलीच मादी जोडीनं लावून द्या ना."

"दोन सुटे येका जागी बसवले मंजे जोडी होत नाही बहन."

"मंग फुकट कायले पोसता?"

"भाव चढू दे. चढला का इकतो."

हे तो साऱ्या गावाले सांगे. पाटलाले तं कितीक डाव सांगितलं असन. आन मंग तो शेठ आला.

शेठ म्हने, विलायतेत कोन्या साहेबानं बागेयेवढा पिंजरा बांधला. त्याले जोडी-बिडी नाही पायजे, थवा पायजे. सुट्या साऱ्याच्या साऱ्या उचलतो. आन भाव बोलला तो जोडीच्या भावाहून वर.

पाटलानं मांडीवर थाप मारली. "घे बे गफूर! चढला तुहा भाव! आता इक!"

मी गफूरभाऊच्या तोंडाकडे पाह्यलं. येवढी वर्सं आरशात सराव केला होता, पन तोंड हललं. "थांबा जरा," म्हने. "औंदा तिकडं थंडी जास्त हाय. आनखी चढन."

शेठनं भाव वाढवला.

"पाखरं म्हातारी हायेत."

"चालते," शेठ म्हने.

"येक लंगडी हाय."

"तेई घेतो."

पाटील खो खो हासाले लागले. "अबे, येपारी तू का तो?"

येपाऱ्याची जबान मंजे जबान. साऱ्या गावापुढं म्हटलेलं, आता फिरायचं कसं? गफूरभाऊनं टोपी काढली, पुन्हा घातली. आन येकदम माह्याकडे बोट केलं.

"माल माहा नाही. भागाबहनचा हाय. तिले इचारा."

मले काहीच माहीत नव्हतं. शेठ माह्याकडे वयला. "बोल बाई, देतं काय? घरावर टिनं टाकशीन." माह्या छपराची गोठ त्याले कोनी सांगितली होती कोन जाने. पाटलानंच सांगितली असन. छप्पर तं खरंच गयत होतं. गयत्या जागी गंज-भगोनं ठेवून झोपत होती मी.

गफूरभाऊ माह्याकडे पाहत नव्हता. पिंजऱ्याकडे पाहत होता.

म्या म्हटलं, "नाही इकत."

माह्यं तोंड हललं नाही. मले सरावाची गरज नव्हती.

"पाह्यलं?" गफूरभाऊ शेठले म्हने, "मालकीनच नाही म्हनते. मी काय करू?" आन सौदा मोडूनई त्या दिवशी पयल्यांदा त्यानं साऱ्यायले चहा पाजला.

शेठ जोड्या घेऊन गेला. भरताना येक नर करंड्यातच मेला. त्याची मादी मांगं राह्यली. गफूरभाऊनं तिले लहान्या पिंजऱ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी मी गेली तं ते पाखरू फुगून कोपऱ्यात बसेल. राया तसाच. पानी तसंच.

मी यायच्या आंधीच्या सुट्यायले त्यानं कसं वाचवलं, ते मले ठाव नव्हतं. त्या दिवशी पाह्यलं. गफूरभाऊ घरात गेला. खियावरचा आरसा काढून आनला आन पिंजऱ्याले आतून बांधला. मादी लय येळ हलली नाही. मंग सरकली. आरशाजोळ गेली, मान वाकडी केली. आरशातल्या मुनीनंई केली. मंग येक दाना उचलला. मंग दुसरा.

"असंच रायते," गफूरभाऊ म्हने. "समोर कोनी खाताना दिसलं का खाते. आठ-पंधरा दिवस. मंग मोठ्या पिंजऱ्यात सोडाची."

आन तो जेवाले बसला. पाट तोच. भितीवर रिकामा खिया. त्यानं भाकर मोडली आन हातात धरून तसाच बसला.

माह्या पदरात दुपारची भाकर बांधेल होती, आन ठेचा. मी त्याच्या उंबऱ्यात, त्याच्या समोर बसली, गाठ सोडली आन खाले लागली.

त्यानं खालीच पाहत घास घेतला. जरा येळानं म्हने, "मुनी चढली, भागाबहन."

त्या रोजपासून आरसा पिंजऱ्यातच राह्यला. पाटलायनं इचारलं, सराव बंद काऊन? गफूरभाऊ म्हने, "आता पक्का झालो."

तो गेला त्यालेई लय वर्सं झाले. पाखरायचा धंदाई बंद झाला, बरं झालं. मोठ्या पिंजऱ्याचं दार म्याच उघडलं. माह्याच होत्या ना त्या.

मले लिहिता येत नाही, नात लिहून घेते. वाचनाऱ्या बाई-बाप्याले माह्यं येकच मांगनं हाय. तुमच्या गल्लीत कोनी येकटं जेवत असन, तं आपली भाकर घेऊन त्याच्या समोर जाऊन बसा. बोललं नाही तरी चालते.