बबिताबाईंचा वर्तणुकीचा दाखला

ऋतुजाने पुण्याहून आईसाठी लक्षद्वीपची सहल ठरवली, ती सगळी मोबाइलवर. विमान, बोट, राहायची जागा, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी नेणारा माणूससुद्धा. खर्च एवढा, की तिच्या वडिलांनी, रामेश्वररावांनी, आकडा ऐकला, फोन बायकोच्या हातात दिला आणि गोठ्यात जाऊन बसले. बेटावर जायच्या परवान्याला पोलिसांचा दाखला लागणार होता. तोही ऋतुजाने मोबाइलवर मागवला. तो मोबाइलवरच येईल असं तिला वाटलं आणि तिथंच माशी शिंकली.

ऋतुजाची आई बबिताबाई म्हणजे चकलांब्याच्या आसपासच्या दहा-बारा वस्त्यांचा मोठा आधार. कुणाची मोटर विहिरीत पडली की आधी बाईंना निरोप जायचा. साडीचा काष्टा मारून, दोराचं टोक दातात धरून बाई बुडी घ्यायच्या आणि गाळात चाचपून, मोटरीला गाठ मारूनच वर यायच्या. काठावरचे बाप्ये तोवर आपापल्या छातीत दम धरून उभे. निम्म्यांचा दम बाईंच्या आधी संपायचा. मोबदला म्हणून कुणी भुईमुगाच्या शेंगा दिल्या तर घ्यायच्या, नाही दिल्या तर मागायच्या नाहीत. अशी बाई आपल्या वस्तीत असावी, असं कुणालाही वाटेल.

"तीस वर्सं झाली तळाला जातीय," त्या लेकीला एकदा म्हणाल्या होत्या, "पर तळ कसला असतो ते बघितलं न्हाई गं. समदा गाळ. समदं हातानं. एकदा डोळ्यानं बघायचाय."

लेकीने ते मनावर घेतलं आणि दोन वर्षं पैसे साठवले.

बेत मात्र गुपचूप होता. "हिरीत फुकट बुडता येतंय, मंग इमान कावून?" असं वस्ती विचारणार, म्हणून बाईंनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना, भिवराबाईंना, तर मुळीच नाही. दाखला शुक्रवारच्या आत गेला नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर समुद्र नाही.

बुधवारी सकाळी मोटारसायकलवरून एक जमादार आले. नुकतेच बदलून आलेले, कुणाला न ओळखणारे.

"बबिता रामेश्वर कुठं राहतात?" त्यांनी पारावर विचारलं.

पोलीस बाईचं नाव घेऊन आलाय म्हटल्यावर बाईंवर काही बालंट आलं, असंच पारावरच्यांना वाटलं. मग बिभीषण पुढे झाला. त्याची मोटर बाईंनी दोनदा काढली होती.

"अशी बाई न्हाई हितं, सायेब."

"आणि रामेश्वर?"

"ते हायत. पर बाई न्हाई."

जमादार घर शोधत गेले. दारात भिवराबाई लसूण सोलत होत्या. सुनेशी त्यांचं गेल्या पंचवीस वर्षांत एकाही गोष्टीवर जमलं नव्हतं.

"आजी, तुमची सून कुठाय?"

"कुणाची सून? माझा पोरगा बिनलग्नाचा हाय."

अठ्ठेचाळीस वर्षांचे, पिकल्या मिशांचे रामेश्वरराव खाकी कपडे बघून इतके गांगरले, की दाखल्याचं विसरून त्यांनी लाजून होकाराची मान डोलावली.

"मग ही दोरीवरची फुलाफुलांची साडी?"

"माझी! म्हातारीनं नेसू नये का?"

जमादारांनी कपाळावर हात मारला आणि परत निघाले. वाटेत आसारामच्या विहिरीवर गर्दी दिसली. तिथं आसारामची मोटर काढायचं काम चालू होतं आणि ज्यांना जमादार शोधत होते त्या बबिताबाई पाण्याखाली होत्या. बिभीषणने आडवाटेने धावत येऊन खबर दिली होती, त्यामुळे सगळे विहिरीकडे पाठ करून उभे राहिले.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. वारं खातोय," आसाराम म्हणाला.

मागे पाण्यावर बुडबुडे आले.

"खाली कोण आहे?"

"मासा असंल."

"एवढा मोठा?" म्हणत जमादार काठावर वाकले. दगडावर शेवाळ होतं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं, पण अडवायला कुणाचा हात वेळेवर पोहोचला नाही. जमादारांना पोहता येत नव्हतं.

मोटरीला गाठ मारून वर येणाऱ्या बाईंच्या डोक्याला दोन बूट लागले. बाईंनी विचार केला नाही. एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने जमादारांची कॉलर धरून त्या वर आल्या, आणि साहेबांना पायरीवर बसवून पाठीत दोन दणके दिले. काय बाई होती!

"तुमचं नाव?" खोकत खोकत जमादारांनी विचारलं.

"बबिता रामेश्वर."

काठावर सगळ्यांनी डोळे मिटले.

"आवं, तुमी दाखला घिऊन आलात का काय?" बाईंचा चेहरा फुलला. "समुद्राच्या तळाला जायाचंय मला, लक्षद्वीपला!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गलका ऐकून रामेश्वररावांबरोबर आलेल्या भिवराबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"लांब हाय म्हण की. तिथं कुणाची मोटर पडली?"

कागद मोटारसायकलच्या पिशवीत होते म्हणून कोरडे राहिले होते. "बाई इथंच राहतात, असं सांगणारे दोन साक्षीदार हवेत," जमादार म्हणाले. एकदम पंधरा हात पुढे आले. त्यात बिभीषणचा होता, रामेश्वररावांचा होता आणि लसणाच्या वासाचा एक सर्वांत पुढे होता.

"तुमचं खरं धरू?" जमादार ओरडले. "सकाळपासून एक माणूस खरं बोललेला नाही! असं मी वर काय लिहून पाठवू?"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी न्हाई मिळायचा?" त्यांनी हळूच विचारलं, आणि ओल्या पदराचं पाणी उगाच पिळत राहिल्या. कुणाला वर बघवेना.

जमादारांनी टोपी पिळली, बिभीषणच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि बराच वेळ लिहीत बसले. मग कागद बाईंसमोर धरला. आसारामने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला:

"अर्जदार याच वस्तीत राहतात. त्यांची चौकशी केली असता पोलिसांपासून वाचवण्यासाठी अख्ख्या वस्तीने त्यांना ओळखत नसल्याचे सांगितले. त्यात सख्खी सासूही होती. सबब, वर्तणूक अतिशय उत्तम."