मुका कॉम्प्युटर

ईश्वराण्णा उचगावात, आमच्या शेजारच्या घरात, फोनवर "हॅलो" म्हणाले की हातकणंगल्याच्या स्टेशनावर लोक गाडी आली समजून पिशव्या उचलतात. फोनवर ते एकटेच बोलतात. समोरच्याला संधी मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. ते कानात बोलले तर गल्लीला कळतं आणि गल्लीत बोलले तर तालुक्याला. आम्ही म्हणायचो, कोल्हापूरचं पाणीच तसं, त्यात हा गडी जन्मभर फौंड्रीत यंत्रं दुरुस्त करत राहिलेला.

अशा माणसानं मला बिनआवाजाचा कॉम्प्युटर करून दिला. आज आमची चूल त्याच्यावर पेटते. त्यांचे उपकार बोलून फिटणारे नाहीत, तेव्हा निदान लिहून ठेवतो.

मी लग्नांचे व्हिडिओ जुळवतो. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा. त्या खोलीत माझा जुना कॉम्प्युटर आणि आमची चार महिन्यांची मुक्ता एकत्र नांदेनात. पंखा सुरू झाला की मिरची कांडपाचं मशीन घरात घुसल्यासारखं वाटायचं, पोरगी दचकून उठायची. शेवटी बायकोनं, शुभांगीनं, निकाल दिला, "एक तर हा डबा राहील, नाहीतर आम्ही दोघी चाललो पेठ वडगावला आईकडं." लग्नसराई तोंडावर आलेली. डबा गेला तर पोटावर पाय, आणि त्या दोघी गेल्या तर पोट भरायचं कुणासाठी?

शांतता मागायला ईश्वराण्णांकडं जाणं म्हणजे मटणाच्या खानावळीत उपवासाचं ताट मागणं. पण निवृत्त झाल्यापासून ते मिळेल त्या खोक्यात कॉम्प्युटर बसवायचे. एक पत्र्याच्या ट्रंकेत बसवलेला, एक देव्हाऱ्यात. देव्हाऱ्यातला चालू करायच्या आधी गिऱ्हाईक चपला काढतं म्हणे.

म्हणून त्यांनाच घरी बोलावलं. आल्या आल्या त्यांनी ओट्याजवळच्या जाळीच्या कपाटावर थाप मारली. "ह्यात बसवायचा!"

"अण्णा, त्यात दूध असतंय," शुभांगी मागून म्हणाली. अण्णा जाळीच चाचपत राहिले. तिनं पुढं येऊन तेच सांगितलं.

"त्ये ऱ्हाऊ दे! हवा बघ कशी खेळतीया. शिवाय मांजर शिरत न्हाय!"

"त्ये ऱ्हाऊ दे" हा त्यांचा हुकमाचा एक्का. जेवलात का विचारलं तरी "त्ये ऱ्हाऊ दे!" म्हातारा हट्टी आहे, असं अख्खी गल्ली धरून चालली होती.

सामान आणायला दोघं बाजारात गेलो, तर दुकानदारानं रंगीत दिव्यांचे पंखे पुढं केले. "पावणं, वरात काढायची न्हाय, पोरगी निजवायचीया!" अण्णा गरजले. समोरच्या हॉटेलात चहा पिणारे दोघे उठून उभे राहिले. मी सगळ्यात तगडा प्रोसेसर उचलला, तर माझ्या हातावर फटका बसला. "चहाची किटली न्ह्यायला ट्रक कशाला रं? कामापुरती भूक असल्यालं घे." फिरणाऱ्या डिस्कऐवजी न फिरणारी घेतली. पिटुकल्या भन्नाट पंख्यांऐवजी दोन थोराड, संथ पंखे आले आणि त्यांची थरथर कपाटाला लागू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या बसल्या.

मग सुरू झालं जुळवणं. पंख्याचा वेग थोडा खाली, व्हिडिओ चालवून बघ, तापतंय का बघ, परत थोडा वर. प्रोसेसरचा करंट चिमूटभर कमी. दर वेळी अण्णा कपाटावर तळवा ठेवून पाळण्याकडं टक लावायचे. "पापणी हालली. नापास!" त्या 'नापास'नं पोरगी जागी व्हायची आणि दोष मशीनच्या माथी जायचा.

आणि एका दुपारी सगळं जमलं. अख्खं लग्न पडद्यावर पळत होतं आणि कपाट गप्प. अण्णा पाळण्याकडं पाठ करून, जाळीवर तळवा टेकून बसलेले. तेवढ्यात शुभांगीच्या हातून परात निसटली. पन्हाळ्यावर तोफ उडावी असा आवाज झाला. मी हातभर उडालो. मुक्तानं टाहो फोडला.

अण्णा जागचे हलले नाहीत.

"बघ," ते खुशीत म्हणाले, "कशी गाढ निजलीया!"

मी शुभांगीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

शाबासकी घ्यायला अण्णा वळले. आधी आमचे चेहरे दिसले, मग पाळणा.

"फौंड्रीतच गेलं," कानाकडं बोट दाखवत ते म्हणाले. "तोंड दिसलं तर थोडंफार उमजतंय. बहिरा म्हणण्यापरास लोकं हट्टी म्हणत्यात, त्ये बरं."

शुभांगीनं मुक्ताला उचललं आणि सरळ त्यांच्या खांद्यावर दिलं. अण्णांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला, डोळे मिटले. त्या काळ्या, चटके खाल्लेल्या हाताखाली इवलीशी पाठ रडण्यानं थरथरत होती.

"लई जोर हाय की गं हिच्यात!"

आपल्याकडं घ्यावं म्हणून शुभांगीनं मुक्ताला हात लावला.

"थांब, सूनबाई," अण्णा म्हणाले. "रडू दे की जरा."