दीनाबाईंची हजेरी

दीनाबाई रणपिसे रोज सकाळी साडेसहाला मेलेल्या बायकांची हजेरी घेतात.

हे मी गमतीनं म्हणत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीचं जुनं कबरस्तान सोलापूरच्या भवानी पेठेपासून सायकलनं दहा मिनिटांवर आहे. बाई फाटक ढकलून आत जातात, पिशवीतून शाळेचा लांबट हजेरीपट काढतात, चष्मा पुसतात, आधी कोपऱ्यात जाऊन काहीतरी पुटपुटतात आणि मग मोठ्यानं सुरू करतात. "कृपाबाई साळवे." मग थांबतात. मान थोडी तिरकी करून कान देतात. पटावर 'ह' किंवा 'गै' अशी खूण करतात आणि पुढच्या दगडाकडे सरकतात. "रूथबाई शेलार." पुन्हा थांबतात.

कबरस्तानाचा राखणदार सिद्राम तसा भिणारा गडी नाही. स्वतः खड्डे खणतो, दुपारी त्याच सावलीत झोपतो. पण तोही मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, बाई बोलत्यात त्याचं काय न्हाय. म्हातारं मानूस बोलतंयच. पन बाई थांबून ऐकत्यात की! ते मला सोसत न्हाय." तेव्हापासून साडेसहाला तो कोपऱ्यावर चहाला जातो आणि बाईंची रिक्षा गेल्याशिवाय परत येत नाही.

मी पोस्टातून निवृत्त झालो आणि मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि शाळा सुटली तरी हजेरी काही सुटली नाही. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी असायची. वर्गाबाहेर मात्र अस्सल सोलापुरी.

त्यांचा आवडता शब्द एकच. "नाव?"

हा शब्द त्या कुठंही काढतात. एका रविवारी मंडळीचे पाळकसाहेब बायबलातून पेत्र या शिष्याच्या सासूची गोष्ट वाचत होते. तापानं निजली होती, प्रभूनं हात धरून उठवलं, ती उठून सगळ्यांना वाढायला लागली. बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला, "नाव?" पाळकसाहेब गडबडले. म्हणाले, "बाई, शास्त्रात दिलेलं नाही." बाई म्हणाल्या, "जेवान ध्यानात ऱ्हायलं, नाव न्हाय ऱ्हायलं व्हय?" पुढच्या महिन्यात नोहाच्या बायकोवरून तेच झालं, मग लोटाच्या बायकोवरून. "मिठाचा खांब झाली, आनि अजून बिननावाची!" त्यानंतर पाळकसाहेब दोन वर्षं नुसत्या संदेष्ट्यांवर बोलत होते.

मी एकदा म्हटलं, "बाई, मग तुम्हीच ठेवा की त्यांना नावं." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की पट्टीची आठवण झाली. "लिहिनाऱ्यांनी सोडली म्हनून मी खोटी लिहू? कोरी जागा कोरीच ठिवायची. निदान कळतं तरी, हितं कुनीतरी होतं."

पुरुषमाणसांची तर त्या तोंडी परीक्षाच घेत. लग्नात, बारशात, अगदी रक्त तपासायला गेल्यावर तिथल्या माणसाचीसुद्धा. "आईचं नाव?" तो सांगे. "तिच्या आईचं?" इथं बहुतेक जण अडकत. "आजी," असं कुणी म्हटलं की बाई म्हणत, "शाब्बास. खाली बस."

मी हसायचो. माझं हसू एका सकाळी जिरलं.

आमच्या कबरस्तानात जुन्या बायकांच्या दगडांवर नाव फार क्वचित. अमक्याची पत्नी, तमक्याची प्रिय माता, एवढंच. माझ्या आजीच्या दगडावरही आजोबांचं नाव आणि पुढं 'यांची सुशील पत्नी'. त्या सकाळी पाहतो तर खाली पांढऱ्या खडूनं, गोल वळणदार अक्षरात लिहिलेलं: सगुणा.

आजूबाजूला पाहिलं, तर सगळीकडे तेच. जवळजवळ प्रत्येक 'पत्नी'खाली खडूनं एकेक नाव. रात्रीत उगवल्यासारखी नावं. भल्या सकाळी, लख्ख उजेडात, मला तिथं गर्दीत उभं असल्यासारखं वाटायला लागलं.

मी तडक बाईंच्या घरी गेलो. जरा आवाज चढवूनच विचारलं. बाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुजी आजी केम गावची. तितं एक म्हातारी हाय, तिच्या आईसंगं तुजी आजी शेरडं राखायची. म्हातारीला समदं पाठ हाय. सगुना लई गायची म्हनं. तिचं गानं ऐकून शेरडंबी चरायची थांबायची." माझा चढलेला आवाज कुठं गेला कळलं नाही. साठीला आलो तोवर आजीचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ती गात होती हे तर घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. मला लाज वाटली. सरळ लाजच वाटली.

पावसानं खडू धुऊन जाई. बाई पुन्हा लिहीत.

त्यांच्या हजेरीचं मात्र मला पटत नसे. गेल्या श्रावणात फाटकाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "रूथबाई आज गैरहजर. नातीकडं गेल्या असतील, करकंबला." रूथबाईंना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मी मान हलवली आणि निघालो. दहा वाजता करकंबहून फोन. रूथबाईंच्या नातीला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, पहाटे. मी संध्याकाळी बाईंना सांगितलं. आश्चर्य वगैरे काही नाही. पट उघडला आणि म्हणाल्या, "मग गै खोडते. किरकोळ रजा मांडते."

योगायोग असेल. मी पोस्टात राहिलेला माणूस आहे, योगायोग पुष्कळ पाहिलेत. तरी त्या रात्री मी दिवा लावून झोपलो.

एकदा धीर करून विचारलं, "बाई, कशासाठी हे सगळं? देवाला नावं माहीतच आहेत ना?"

"देवाला म्हाईत हायत. मला कुटं हायत?" मग वर्गातल्या भाषेत म्हणाल्या, "पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी कोण गेलं होतं, विजय? बायका. पुरुष कुठे होते? दाराला कडी लावून. आणि मरियेला प्रभू दिसला तेव्हा तिला तो माळी वाटला. तिनं त्याला कधी ओळखलं? त्यानं नाव घेतलं तेव्हा. नुसतं नाव. नुसतं 'बाई' म्हणाला तोवर नाही ओळखलं." पुन्हा सोलापुरीवर आल्या. "नाव घेतल्याबिगर कोन उठतंय व्हय?"

मी घरी येऊन शास्त्रात तो भाग काढून पाहिला. बाई म्हणाल्या तसंच होतं.

आता मुख्य गोष्ट. कबरस्तानात जागा उरली नव्हती. कमिटीत ठरलं, की पन्नास वर्षांवरच्या, नोंदवहीत नाव नसलेल्या आणि कुणी दावा न केलेल्या कबरी पुन्हा वापरायच्या. दाव्याचे अर्ज ईस्टरपर्यंत, आणि मयताच्या नावाशिवाय अर्ज बाद. ठराव मीच लिहिला, अक्षरही माझं. बाईंनी पुढच्या चार महिन्यांत तीसेक घरांतून अर्ज भरून आणले. कुणाची पणती, कुणाचा खापरपणतू. माझ्या आजीचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला. 'मयताचे नाव' या रकान्यात मी गोल वळणदार अक्षरात सगुणा लिहिलं.

शेवटी एकच कबर राहिली. कोपऱ्यात, कडुलिंबाखाली. दगडावर फक्त 'गणपत रणपिसे यांची पत्नी'.

"ही कोण, बाई?"

"माजी आई."

मी अर्ज पुढं केला. बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं, नातं लिहिलं. 'मयताचे नाव' हा रकाना कोरा ठेवून परत दिला.

सगळ्यांच्या आयांची नावं हुडकून काढणाऱ्या बाईंना स्वतःच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. जुनी वही वाळवीनं खाल्लेली. आजोळचं कुणी उरलेलं नाही. "बापाला इचारलं होतं एकदा," बाई म्हणाल्या. "सावत्र आई चुलीपाशी बसलेली. बाप म्हनला, मी तिला 'अगं' म्हनायचो. पुन्यांदा इचारायच्या आत त्योबी गेला."

"बाई, मरिया लिहून टाका. कोण बघतंय?"

"ती बघती की," बाई म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या, की मी मागं वळून पाहिलं.

गुड फ्रायडेच्या उपासनेत बाईंनी सगळी गाणी वरच्या पट्टीत म्हटली आणि त्यांचा घसा बसला. शनिवारी पहाटे त्यांनी रिक्षावाल्याबरोबर मला चिठ्ठी पाठवली. 'हजेरी घ्यायला ये. खाडा नको.' दाव्याच्या अर्जांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि लिंबाखालची कबर उघडायची, हे सिद्रामला मीच सांगून ठेवलं होतं.

सहा वाजून गेले होते. घराघरांनी कबरी चुन्यानं पांढऱ्या केल्या होत्या. वारा नव्हता, आणि लांबच्या यंत्रमागांचा खडखडाट त्या दिवशी कसल्याशा सुट्टीमुळं बंद. एवढी शांतता सोलापुरात मी ऐकली नव्हती. बाईंनी पट माझ्या हातात दिला आणि बोटानं सुरुवात दाखवली.

अनुक्रमांक एकपुढं कोरी जागा. त्यात पेन्सिलनं लिहून खोडलेली नावं, एकावर एक. सीता, चंद्रा, लक्ष्मी, तानू, बयजा. रोज एक नवीन नाव घ्यायचं, ऐकायचं, खोडायचं. आज 'गोदा' होतं. मी म्हणालो, "गोदा." थांबलो. लिंबाचं पान हललं नाही. बाईंनी मान हलवली. मी खोडलं.

मग एकेक नाव. कृपाबाई साळवे. थांबायचं. रूथबाई शेलार. थांबायचं. मी नुसता थांबत होतो, ऐकत बाई होत्या. त्या बोटानं खूण करत, मी लिही. "सगुणा," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. बाई जरा हसल्या आणि 'ह' दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

फिरून लिंबाखाली, शेवटच्या ओळीवर आलो आणि थबकलो. तिथं लिहिलं होतं, 'दीना'. आणि पुढं साऱ्या महिन्यात, एकही चौकट न सोडता, गै, गै, गै. मागचं पान उलटलं. तिथंही तेच.

"बाई, हे काय? तुम्ही तर रोज इथं असता."

बाई दगडाच्या कडेला बसल्या. घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "आपली हजेरी आपन घ्यायची नसती. आनि मला दीना म्हननारं कोन उरलंय रे? समदी बाई म्हनत्यात." मग आईच्या दगडावरून हात फिरवत राहिल्या. "मी जलमले आनि तिसऱ्या दिशी ती गेली. माजं नाव चौथ्या महिन्यात पाळकांनी ठिवलं. मला तिचं नाव म्हाईत न्हाय, तिला माजं न्हाय. उठायच्या दिशी एवढी गर्दी आसंल. दोघींनी एकमेकीला हाक कशी मारायची?"

सदतीस वर्षं हजारो मुलींची नावं घेणारी ही बाई. तिला जन्मभर हीच एक धास्ती होती, आणि आम्ही तिला चक्रम म्हणत होतो. मला स्वतःचा राग आला, माझ्या ठरावाचा आला.

पंधरा वर्षांनी मोठ्या बाईला एकेरी हाक मारायची म्हणजे जीभ रेटत नाही. पण मी दगडाजवळ गेलो, पट नीट धरला आणि खालच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दीना."

उत्तर लगेच आलं नाही. बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांनी मान तिरकी केली होती, रोज करतात तशी.

"ओ," त्या म्हणाल्या.

'हजर' असं नाही म्हणाल्या. 'ओ' म्हणाल्या. आईनं आतल्या खोलीतून हाक मारल्यावर अंगणातली पोर म्हणते तसं. तो बसलेल्या घशाचा आवाज नव्हता. फाटकाशी चहाचा पेला घेऊन आलेला सिद्राम तिथंच थांबला, आणि पेल्यातला चहा त्याच्या हातावर सांडत होता तरी त्याला कळत नव्हतं. मी त्या चौकटीत 'ह' लिहिलं.

मग बाईंच्या आईचा अर्ज खिशातून काढला. 'मयताचे नाव' या रकान्यात लिहिलं, 'पत्रव्यवहार चालू आहे.' पोस्टात उभा जन्म काढलाय, मला ठाऊक आहे. ज्या कागदावर हे तीन शब्दांचं वाक्य पडतं, त्याला पुढची शंभर वर्षं कुणी हात लावत नाही. कमिटीत अध्यक्षांनी विचारलं, "पत्रव्यवहार कुणाशी?" मी म्हटलं, "वरती." त्यांनी सही केली.

बाईंचा घसा आठवड्यात सुटला. हजेरी पुन्हा त्याच घेतात. अनुक्रमांक एकपुढं रोज नवं नाव असतं आणि रोज खोडलं जातं. पण शेवटचं नाव मी घेतो. त्यासाठी साडेसहाला सायकल काढतो, ऊन असो की चिखल. सिद्राम हल्ली चहाला जात नाही.

मी "दीना" म्हणतो, मग थांबतो, आणि आता मीसुद्धा ऐकतो.