अमूल्य ठेवा, हात लावू नये

बाईंचा एक नियम होता. सकाळी नऊ वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अकरा वर्षांत तो मोडला नव्हता. अंगात ताप असताना नाही आणि मोरीतला नळ फुटून घरभर पाणी झालं तेव्हाही नाही. त्यामुळे त्या दिवशी साडेसहाला त्यांनी मास्तरांना हलवून जागं केलं आणि हातात एक कागद ठेवला, तेव्हा मास्तरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं, ‘घरात चोरि झाली.’

मास्तरांनी उशीखालचं लाल पेन काढलं, ‘रि’भोवती गोल केला, शेजारी दुसरी वेलांटी काढून दाखवली आणि कागद परत दिला.

बाईंनी दुसरा कागद पुढे केला. ‘संगणक नाहि.’ त्यावरही गोल झाला. लग्नाला बेचाळीस वर्षं होऊनही शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी असते हे बाईंच्या हाताला पटलं नव्हतं. वेलांटी कुठल्याही बाजूने काढली तरी दूधवाला दूध तेवढंच ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी शांतपणे तिसरा कागद लिहिला. ‘पेटि पण.’

इथे लाल पेन थांबलं.

त्या पेटीत एकोणीस वह्या होत्या. मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती आणि चौतीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका टिपून ठेवल्या होत्या. साध्यासुध्या चुका नव्हेत, निवडक. ‘काढता पाय घेणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करताना एकाने लिहिलं होतं, ‘डॉक्टरांनी आजोबांचा काढता पाय घेतला.’ दुसऱ्या एकीने ‘आईने गरमागरम पोबारा करून सगळ्यांना वाढला’ असं लिहिलं होतं. प्रत्येक चुकीखाली वर्ग, तुकडी आणि रोल नंबर. नाव मात्र नाही. मास्तर तेवढे दयाळू होते. या वह्यांचं आता पुस्तक होणार होतं. पुतण्याने तीन वर्षं रविवार घालवून सगळं संगणकावर चढवलं होतं, आणि महिनाअखेरीला मजकूर छापखान्यात द्यायचा होता. मूल नसलेल्या त्या घरात तेवढं एकच बारसं व्हायचं राहिलं होतं.

मास्तर अनवाणी मागच्या दाराशी धावले. दार उघडं होतं. दारावर बाहेरच्या बाजूने त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी होती, ‘कडी सैल आहे. फटीतून हात घालून वर उचलावी.’ ती कामवालीसाठी होती. मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेचा फळा सुटला, पण लिहून दाखवायची सवय सुटली नाही. घरात दिव्याच्या बटणांपासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळ्यांवर चिठ्ठ्या होत्या. चोराला घर अगदी वाचता आलं होतं. आणि पेटीवर, ठळक अक्षरांत, ‘अमूल्य ठेवा. हात लावू नये.’

नऊच्या ठोक्याला बाईंनी तोंड उघडलं. “मी तुम्हाला सांगितलं होतं, पेटीवर काही लिहू नका.”

“अगं, मी लिहिलं होतं, हात लावू नये.”

“चोराला?”

मास्तर चिडले ते तिथून. तोवर पुतण्या आला. त्याने आधी काकांना पाणी दिलं आणि मग धीर देण्यासाठी म्हणाला, “संगणक जाऊ द्या हो काका. मी तुम्हाला सगळं पेनड्राइव्हवर काढून दिलं होतं ना? तो सुरक्षित जागी ठेवा म्हणालो होतो.”

“ठेवला होता.”

“कुठे?”

“पेटीत.”

पुतण्या वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागला. शेजारचे विमेवाले दारात येऊन उभे होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, चला, मौल्यवान असं काही गेलं नाही हे नशीब. त्या क्षणापासून मास्तरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

चौकीवरचा हवालदार चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला आणि मोठा अदबशीर होता. मास्तरांना बघताच तो खुर्चीतून उठला. “सर, ओळखलंत का? तुमचाच विद्यार्थी. नववी ब. खिडकीजवळचा बाक.” मास्तरांनी ओळखलं नाही, पण बरं वाटलं. विद्यार्थ्याने फिर्याद सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. संगणक, जुना, एक. पत्र्याची पेटी, एक. वह्या, एकोणीस. मग तो अंदाजे किंमत या रकान्यापाशी आला.

“वह्यांची किंमत काय लिहू, सर?”

“अमूल्य,” मास्तर म्हणाले.

हवालदाराने रकान्यात एक गोल शून्य काढलं.

“हे काय लिहिलंत?”

“शून्य, सर. अमूल्य म्हणालात ना? अ म्हणजे नाही. असत्य, अज्ञान, अशक्त. तसं अमूल्य. मूल्य नाही.” त्याने हे इतक्या आदराने समजावून सांगितलं की मास्तरांना क्षणभर आपणच पुढच्या बाकावर बसलो आहोत असं वाटलं. पुढे त्याने असंही सांगितलं, की शून्य किमतीच्या मालाचा स्वतंत्र तपास करता येत नाही. संगणक सापडला तर सोबत पेटीही बघू.

मास्तर घरी आले ते तणतणत. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला शून्य दिलं नव्हतं. काहीच बरोबर नसलं तर अक्षराबद्दल अर्धा मार्क द्यायचे. आणि आज त्यांच्या आख्ख्या आयुष्याला एका हवालदाराने, तेही स्वतःच्या विद्यार्थ्याने, भोपळा दिला होता. “हीच चूक वही नऊमध्ये आहे,” ते बाईंना सांगत सुटले. “पान एकतीस. ‘माझ्या मामाने मला अमूल्य भेट दिली, कारण तिला काही किंमत नव्हती.’ पुस्तकाची सुरुवातच त्याने होणार होती. एवढ्या वर्षांपूर्वीची चूक, आणि अजून जिवंत आहे. सरकारी पगार खाते आहे.”

बाई म्हणाल्या, जेवून घ्या. मास्तर जेवले नाहीत. पुठ्ठा घेऊन बसले आणि संध्याकाळी फाटकावर पाटी लागली:

‘चोरास विनंती. पेटीतील वह्या ओल्या होऊ देऊ नयेत. वही क्रमांक नऊचा टाका सुटला आहे, ती सावकाश उघडावी. सदर मजकूर रोल नंबरांसह लवकरच पुस्तकरूपाने प्रसिद्ध होणार असल्याने तो त्वरित परत करावा. कळावे.’

पुतण्याने पाटीचा फोटो काढून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाकला. त्याचा हेतू चांगला होता, असं तो पुढे बरेच दिवस सांगत होता. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रीघ लागली. मास्तरांना वाटलं, लोक सांत्वनाला येताहेत. लोक आत येत, हळहळत, पाणी पीत आणि उठता उठता सहज विचारत, “सर, त्या वह्यांत माझं काही आहे का?” बँकेतल्या मोठ्या साहेबीणबाईंनी आवाज खाली आणून पोबाऱ्याची चौकशी केली. हाडांचे डॉक्टर मोटारीतून उतरले, पाचच मिनिटं बसले, आणि वह्या सापडण्याची खरंच काही आशा आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मास्तर नाही म्हणाल्यावर ते इतके मोकळे हसले की मास्तरांना एकदम आठवलं, आजोबांचा पाय कुणी घेतला होता ते.

“सगळ्यांना आनंद झालाय,” मास्तर रात्रीच्या ताटावर म्हणाले. “गावातल्या निम्म्या लोकांनी चोराचा सत्कार केला असता. मी चौतीस वर्षं यांच्या चुका जिवापाड जपल्या, आणि यांना त्या गेल्याचं सुख.”

“त्यांच्याच होत्या ना पण,” बाई हळूच म्हणाल्या.

“चुका त्यांच्या. संग्रह माझा.” आणि मग, भात चिवडत, आवाज अगदी उतरवून त्यांनी विचारलं, “पुन्हा आठवून लिहायला बसलो तर किती आठवतील गं? मी मोजून बघितल्या दुपारी. त्रेसष्ट. त्यापुढे काही येईना.”

बाईंनी त्यांच्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं.

आठव्या दिवशी सकाळी सातला बाईंनी मास्तरांना पुन्हा हलवलं, पुन्हा कागद. ‘पेटि आली.’ या वेळी मास्तरांनी पेन काढलंच नाही.

पेटी मागच्या दाराबाहेर, पाटीच्या बरोबर खाली, पुसून ठेवलेली होती. वह्या एकोणीस. वही नऊचा सुटलेला टाका कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने घातला होता. पेनड्राइव्ह होता. आणि एक पत्र होतं, ओळी आखलेल्या कागदावर.

‘सर, नमस्कार. पेटि परत करत आहे. संगणक विकला गेला, त्याचि माफी असावी. तुमच्या पेटीवर अमूल्य लिहिलं होतं. हा शब्द तुम्ही मला पन्नास वेळा लिहायला लावला होता, अमूल्य म्हणजे ज्याची किंमत करता येत नाही ते. तेव्हापासून पक्का आहे. म्हणुन उचलली. आत वह्या निघाल्या. रागाने टाकुन देणार होतो, पण फोनवर तुमची पाटी बघितली आणि वही नऊ सावकाश उघडली. पान एकतिस. नववी ब, रोल नंबर सतरा. सर, मी चोर असेन पण ति चूक माझी नाही. मी ती अठरा नंबरची बघुन लिहिली होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि शिक्षा मला एकट्याला झाली. आता छापून आलं तर माझ्या मुलिला कळेल, ती यंदा नववीला आहे. पेनड्राइव्हमध्ये सतराच्या जागी अठरा करून ठेवलं आहे. बाकी कशाला हात लावलेला नाही. आपला विद्यार्थी.’

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हाताला लाल पेन लागलं आणि वेलांट्या आणि उकार जागेवर बसत गेले. ‘अमूल्य’ तेवढा दोन्ही ठिकाणी बिनचूक होता. “म्हणजे तेव्हाही चोरीच,” ते पुटपुटले. “आणि त्याबद्दल वर तक्रार.” पण राग नीट जमेना. गठ्ठ्यात सतरा नंबर अठराच्या आधी येतो, एवढ्याच पुराव्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी निकाल दिला होता.

साडेआठला हवालदार आला. तपासात काही निष्पन्न न झाल्याने प्रकरण बंद करायचं होतं, सरांची सही हवी होती. बाईंनी न बोलता खुर्ची पुढे केली. त्याला पेटी दिसली. मास्तरांनी सही केली नाही. चष्म्यावरून त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “खिडकीजवळचा बाक म्हणालात. रोल नंबर काय होता तुमचा?”

“अठरा, सर,” हवालदार ताठ बसून म्हणाला.

मास्तरांनी पत्र त्याच्या हातात दिलं. तो वाचत गेला तसे त्याचे कान तांबडे होत गेले. संपल्यावर त्याने घसा साफ केला. “हा पुरावा आहे, सर. फाईलला जोडावा लागेल.”

“जोड की,” मास्तर म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. “वरचे साहेब वाचतील. पान एकतीसही जोड, म्हणजे त्यांना संदर्भ लागेल. आणि शेजारी तुझं ते शून्य.”

हवालदाराने पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाला, “सर, त्या दिवशी मला खरंच ताप होता.”

“असेल. त्याला नव्हता, म्हणून तो शिकला. तू राहिलास.” मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. “संगणकाचं त्याचं काय ते तुझं तू बघ. वर्षभर एका बाकावर बसलात, घर माहीत असेलच. पण ते नंतर. आधीचं आधी.”

बाई आत गेल्या आणि आखलेले चार कागद व निळं पेन टेबलावर ठेवून आल्या. हवालदाराने एकदा दाराकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लिहायला सुरुवात केली. अमूल्य म्हणजे ज्याची किंमत करता येत नाही ते. अमूल्य म्हणजे ज्याची किंमत करता येत नाही ते. पंचविसाव्या वेळी त्याने बोटं मोडली. पन्नास झाल्यावर, कुणी न सांगता, फिर्यादीचा कागद ओढला, रकान्यातलं शून्य नीट खोडलं आणि बाजूला लिहिलं, ‘करता येत नाही.’

मास्तरांनी ते तपासलं. खाली बारीक अक्षरात अर्धा मार्क दिला, अक्षराबद्दल.

तो गेल्यावर त्यांनी समाधानाने पेटीकडे वळून पाहिलं. बाई पेटीपाशी बसल्या होत्या. ‘अमूल्य ठेवा’ची चिठ्ठी त्यांनी ओल्या फडक्याने खरवडून काढली होती आणि त्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलेली नवी चिकटवली होती. तिच्यावर एकच शब्द होता.

‘रद्दी.’

मास्तर तरातरा पुढे आले. लाल पेनचं टोपण काढलं, वाकले, चष्मा वर-खाली केला. वेलांटी दुसरी होती.

मग त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, तरीही बाई काही बोलल्या नाहीत.